पुण्याच्या नगरपालिकेतील एकाकी मत

पुण्यात नगरपालिका १८५८ साली स्थापन झाली. परंतु आरंभी तिचे सभासद सरकारच नेमीत असल्यामुळे, पेठापेठांतील रयतेचे गाऱ्हाणे सभेपर्यंत पोहोचावयाचे की नाही, हे एखाद्या सभासदाच्या सदसद्विवेकबुद्धीवरच अवलंबून असे. १८७६ साली जोतीराव फुले यांची नेमणूक झाली आणि ज्यांना त्या दरबारी उभे राहण्याचीही सोय नव्हती, अशांच्या कैफियतीला वाणी लाभली. १८८० च्या जुलैत त्यांनी व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र धाडून शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी हरकत घेतली. त्या व्यसनापायी कुटुंबेच्या कुटुंबे धुळीस मिळतात, हे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत बजावले.

त्याहूनही मला थोर वाटतो तो दुसरा प्रसंग. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतार्थ १,००० रुपये मंजूर करण्याचा ठराव पुढे आला असता, ती रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असे सुचवून, ३२ सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत नोंदविले. सरकारनियुक्त सभासदाने सरकारच्याच सर्वोच्च प्रतिनिधीच्या सन्मानास आड यावे, याला केवढे धैर्य लागले असेल, याची कल्पना आज निवडणुकीने सभासद होणाऱ्यांनी अवश्य करावी.

मंडईच्या बांधकामावरील खर्चासही त्यांचा विरोध होता. ती वास्तू १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने खुली झाली. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.