दुसरी सही

पंचवीस वर्षांपूर्वी आपण मेंटेनन्सचा चेक घेऊन सोसायटीच्या ऑफिसात जायचो. पावती मिळेपर्यंत गप्पा व्हायच्या. आता पैसे मोबाईलवरून जातात आणि पावतीही तिथेच येते. हा बदल एका दिवसात झालेला नाही. बँकेतला माणूस म्हणून तो मी जवळून पाहिला.

१९७० च्या दशकात मी नोकरीला लागलो, तेव्हा खातेदार पितळी टोकन हातात धरून बाकावर बसून राहायचे. लेजरमध्ये एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून सही करायची. बचत खात्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळे. म्हणून लोक १० तारखेच्या आत पैसे भरायला धावत आणि मग अडचण आली तरी महिना संपेपर्यंत काढत नसत.

१९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटनांमध्ये यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्या वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. 'यंत्र आलं की नोकरी गेली' म्हणत मीही काळी फीत लावून घोषणा दिल्या होत्या. नंतर आमच्या शाखेत कॉम्प्युटर आला, आणि पैशा-पैशाचा फरक शोधत रात्री दहापर्यंत बसणं थांबलं, तेव्हा सर्वांत जास्त खूश मीच होतो!

१५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं. १ एप्रिल २०१० पासून बचतीचं व्याज रोजच्या शिलकीवर मिळू लागलं. लाखो खात्यांचा असा हिशेब हाताने कुठला जमायला? १० तारखेची धावपळ संपली. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाजीवाल्याकडेही सुट्ट्या पैशांची कटकट उरली नाही.

पण दुसरी सही मात्र गेली.

मागच्या वर्षी मला फोन आला. समोर व्हिडिओवर पोलिसाचा गणवेश. "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय. कोणाला सांगू नका. पैसे तपासणीसाठी या खात्यात टाका." पस्तीस-छत्तीस वर्षं बँकेत काढलेला मी, मुकाट्याने एफडी मोडायला बसलो. तेवढ्यात बेल वाजली. शेजारचा मुलगा पेपर परत द्यायला आला होता. माझा चेहरा पाहून म्हणाला, "काका, काय झालं?" सगळं ऐकून त्याने फोन कट केला. "डिजिटल अटक असं कायद्यात काही नसतं, काका," म्हणाला. मग १९३० वर तक्रारही त्यानेच लावून दिली.

हे लिहायला लाज वाटते, तरी मुद्दाम लिहितोय. यंत्राला मी केलेला विरोध चुकीचा होता. पण दोघांनी बघून मगच पैसे सोडायचे, ही जुनी रीत चुकीची नव्हती. तेव्हा माझ्या वयाच्या सभासदांना एकच विनंती. मोठी रक्कम पाठवण्याआधी शेजारची बेल वाजवा. आणि तरुणांनो, तुमची बेल वाजली तर दोन मिनिटं द्या. आमची दुसरी सही आता तुमच्याकडे आहे.