धूर बाहेर गेला, त्याची गोष्ट

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला हॉलमध्ये शिरताना ‘धूम्रपानास मनाई’ ही पाटी तुमच्या लक्षातही येत नसेल. पण १९६०-७०च्या दशकांत ब्रिटनमध्ये आलेल्या आपल्या ज्येष्ठांना विचारून पाहा. बसचा वरचा मजला, सिनेमागृह, ऑफिस, पब, जिथे जावे तिथे धूर! घरी आल्यावर स्वेटरलाही तोच वास.

सिगारेट घातक आहे हे तेव्हा माहीत नव्हते असे नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० सालीच सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सार्वजनिक जागी धूम्रपानावर अधिक निर्बंध हवेत असे सांगितले. पण ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ म्हणून विषय तिथेच राहिला.

१९८१ मध्ये जपानच्या हिरायामा यांनी या उत्तराला धक्का दिला. स्वतः कधीही न ओढणाऱ्या, पण ज्यांचे पती खूप सिगारेटी ओढत, अशा स्त्रियांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त आढळले. म्हणजे प्रश्न शेजारी बसलेल्याचाही होता.

लंडनला आणखी एक धडा मिळाला. भुयारी रेल्वेच्या गाड्यांत आणि जमिनीखालच्या स्थानकांत १९८५पर्यंत बंदी आली होती, तरी बाहेर पडताना लोक सरकत्या जिन्यावरच काडी ओढत. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी किंग्ज क्रॉसच्या लाकडी जिन्याखाली आग लागली आणि ३१ जणांचा जीव गेला. कारण बहुधा अशीच एक जळती काडी, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

१९९४ मध्ये लोकप्रिय कलावंत रॉय कॅसल फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. ते सिगारेट ओढत नसत. धुराने भरलेल्या क्लबांत वर्षानुवर्षे ट्रम्पेट वाजवल्याने हे झाले, असे ते सांगत.

बंदीचा खरा मुद्दा इथेच आहे. गिऱ्हाईक उठून जाऊ शकते. वेटर, वादक, पबमधली कामगार मुलगी कुठे जाणार? आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी देशभर बंदी आणली, ती कामगारांच्या आरोग्यासाठीच. स्कॉटलंड २००६ मध्ये मागोमाग आले. इंग्लंडमध्ये आधी जेवण न देणारे पब आणि खासगी क्लब वगळायचा बेत होता. पण १४ फेब्रुवारी २००६ रोजी खासदारांनी ३८४ विरुद्ध १८४ मतांनी सवलत नाकारली आणि १ जुलै २००७ पासून कायदा लागू झाला.

आणि भारत? मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजीच रुग्णालये, शाळा-कॉलेजे, ग्रंथालये, सरकारी कार्यालये, रेल्वे अशा ठिकाणी बंदीचा आदेश दिला होता. २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम येऊन कामाच्या जागाही त्यात आल्या. म्हणजे याबाबतीत आपला एक मुंबईकर इंग्लंडच्या पुढेच होता!

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून मुले बरोबर असतील तर गाडीतही सिगारेट ओढता येत नाही. घराच्या उंबऱ्याशी मात्र कायदा थांबतो. तिथे ‘काका, जरा बाहेर जाऊन ओढता का?’ हे आपल्यालाच म्हणावे लागते. या दिवाळीत संकोच वाटला, तर घरातल्या लहानग्यांकडे पाहा आणि म्हणा. काका रागावणार नाहीत. रागावले, तरी फराळाला परत येतीलच.