बॅटमॅन कोणाचा? एका सहीमागचे अनेक हात

१/ मे १९३९. अमेरिकेतील 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या मासिकाच्या २७व्या अंकात वटवाघळाच्या वेषातील एक नायक अवतरला. कथेवर नाव होते बॉब केन यांचे. पुढची ७६ वर्षे निर्माता म्हणून अधिकृतपणे हे एकच नाव मिरवले गेले. प्रत्यक्षात त्या पहिल्या कथेचा एकही शब्द केन यांनी लिहिलेला नव्हता. हा धागा त्या न छापलेल्या नावांचा.

२/ १९३८ मध्ये सुपरमॅन आला आणि तुफान खपला. तसाच दुसरा नायक संपादक व्हिन सुलिव्हन यांना हवा होता. तरुण चित्रकार केन यांनी रेखाटन केले: लाल रंगाचा अंगाबरोबर बसणारा पोशाख, डोळ्यांपुरता मुखवटा आणि पाठीवर ताठ पंख. नाव 'बॅटमॅन'. हे रेखाटन त्यांनी आपले लेखक मित्र बिल फिंगर यांना दाखवले.

३/ फिंगर यांनी सुचवलेले बदल पाहा. टोकदार कानांचे शिरस्त्राण, पंखांऐवजी लहरणारा झगा, हातमोजे, लालऐवजी करडा व काळा रंग आणि बुबुळांविना पांढरे डोळे. आज बालकसुद्धा ज्या आकृतीला ओळखते, ती या सूचनांतून घडली.

४/ ब्रूस वेन हे नावही फिंगर यांचेच. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी अँथनी वेन या दोन ऐतिहासिक व्यक्तींवरून ते जुळवले गेले. गॉथम शहराचे नाव त्यांना टेलिफोन डिरेक्टरीतील एका जवाहिऱ्याच्या दुकानावरून सुचले. पहिल्या कथेचे कथानक मात्र 'द शॅडो' या तेव्हाच्या लोकप्रिय रहस्यनायकाच्या कथेवर बेतलेले होते. निर्मिती शून्यातून होत नाही, हेही इथेच दिसते.

५/ त्यानंतर एकेक हात जोडला गेला. १९४० मध्ये रॉबिन आला, त्याच वर्षी जोकर आला. जोकरच्या जन्मावरून केन आणि त्यांचे तरुण साहाय्यक जेरी रॉबिन्सन यांच्यात अखेरपर्यंत मतभेद राहिला. १९२८ च्या 'द मॅन हू लाफ्स' या मूकपटातील नट कॉनराड फाइट याच्या हसऱ्या चेहऱ्याची छाया मात्र त्यावर स्पष्ट आहे.

६/ 'बॅटमॅन जीव घेत नाही' हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध नियम. तो आरंभापासूनचा नाही! सुरुवातीच्या कथांत त्याच्या हाती पिस्तूल दिसते, त्याच्या विमानावर मशीनगनही दिसते. १९४० मध्ये संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी या हिंसेला बंदी घातली. नायकाचे नीतिशास्त्र म्हणून आपण जे वाचतो, ते मुळात संपादकाच्या टेबलावर ठरले होते.

७/ मग नाव एकाचेच का? उत्तर करारात आहे. प्रकाशकाशी करार केला तो केन यांनी आणि श्रेय स्वतःपुरते राखले. फिंगर आरंभी केन यांनी नेमलेले लेखक होते. पुढे चित्रेही इतरांनी काढली. शेल्डन मोल्डॉफ यांनी १९५३ ते १९६७ या काळात केन यांच्या नावाने पडद्याआड राहून काम केले.

८/ १९५४ मध्ये कॉमिक्सवर आचारसंहिता आली. बॅटमॅन परग्रहवासीयांशी लढू लागला आणि खप घसरला. १९६४ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांनी त्याला नवे रूप दिले. छातीवरचे पिवळे वर्तुळ तेव्हाचे. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने तो घराघरांत पोहोचला, पण विनोदी होऊन.

९/ १९७० पासून लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी त्याला पुन्हा रात्रीच्या अंधारात नेले. अ‍ॅडम्स यांच्या रेषेत झगा लांब झाला, सावल्या गडद झाल्या. १९७३ मध्ये त्यांनीच जोकरला पुन्हा खुनी केले. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांनी पन्नाशी ओलांडलेला, थकलेला, संतप्त बॅटमॅन रंगवला. पुढचे चित्रपट याच दोन पर्वांच्या खांद्यावर उभे राहिले.

१०/ आणि फिंगर? १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक्स संमेलनात ते बोलले. अभ्यासक जेरी बेल्स यांनी त्यांच्या वाट्याविषयी लेख लिहिला. केन यांनी संतप्त पत्र लिहून तो दावा फेटाळला. जानेवारी १९७४ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी फिंगर गेले. बॅटमॅनचे सहनिर्माते म्हणून त्यांचे नाव तोवर कुठेही छापले गेले नव्हते. १९८९ च्या आत्मचरित्रात केन यांनी त्यांचे ऋण मान्य केले, पण करार बदलला नाही.

११/ लेखक मार्क टायलर नोबलमन यांनी चिकाटीने शोध घेतला, फिंगर यांच्या नातीपर्यंत ते पोहोचले आणि २०१२ मध्ये त्यांचे फिंगर यांच्यावरील पुस्तक आले. कुटुंबाने हक्काची मागणी लावून धरली. सप्टेंबर २०१५ मध्ये डीसीने श्रेय देण्याचे जाहीर केले. आज केन यांच्या नावापुढे फिंगर यांचे नाव येते.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट गाठीशी बांधावी. सही हा पुरावा असतो, पण अनेकदा तो कराराचा पुरावा असतो, कर्तृत्वाचा नव्हे. शिलालेखावर राजाचे नाव असते, छिन्नी दुसऱ्याच्या हाती असते. म्हणून पुढच्या वेळी कॉमिक्स उघडाल तेव्हा पहिल्या पानावरची लेखक, चित्रकार, शाईकार, रंगकार, अक्षरकार यांची नावे ओलांडून पुढे जाऊ नका. त्यांतील एकेक नाव छापले जावे, यासाठी कुणाला तरी झगडावे लागले आहे.