‘फोल्ड’ म्हणजे घडी नव्हे

स्वयंपाकाचं पुस्तक हे इतिहासाचं साधन आहे म्हटलं की समोरचा हसतो. हसू द्या. तुम्ही स्थलांतर किंवा शिक्षण यावर विषय शोधत असाल, तर मिलवॉकीचं हे प्रकरण बघाच.

अमेरिकेतल्या या शहरात 19व्या शतकाच्या अखेरीस रशिया आणि पूर्व युरोपातून गरीब ज्यू कुटुंबं आली. घरात यिद्दिश. त्यांच्या मुलींसाठी लिझी ब्लॅक कँडर यांनी स्वयंपाकाचे वर्ग चालवले. कृती फळ्यावर इंग्रजीत लिहायची, मुलींनी ती वहीत उतरवायची, मग करून बघायची. उतरवण्यातच तास संपायचा, म्हणून छापायचं ठरलं. संचालक मंडळाने त्यासाठी 18 डॉलर द्यायला नकार दिला! शेवटी जाहिरातींच्या आधारावर 1901 मध्ये ‘द सेटलमेंट कुक बुक’च्या 1000 प्रती निघाल्या.

आता यात भाषा कुठे आहे? क्रियापदांत. ‘फोल्ड’ म्हणजे घडी घालणं, हे शब्दकोश सांगेल. पण फेसलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची घडी कशी घालणार? ते हलक्या हाताने, खालून वर घेत मिसळताना बघितलं की शब्द कळतो, आणि पुन्हा विसरत नाही. ‘क्रीम’ ही वस्तू असते, तशी लोणी-साखर फेसण्याची क्रियाही असते. पासओव्हरच्या सणात फुगवलेलं पीठ वर्ज्य, त्यामुळे मात्झोच्या पिठाचा केक फुगतो तो फेसलेल्या अंड्यांवरच. म्हणजे सणाच्या दिवशी तो शब्द चुकला, तर केक बसलाच.

इथवर सगळं गोड वाटतं. पण अनुक्रमणिका नीट वाचा. मात्झोचे पदार्थ आहेत तशी ऑयस्टर्सही आहेत, आणि ज्यू धर्मनियमांत ऑयस्टर निषिद्ध! कँडर स्वतः ज्यूच, पण सुखवस्तू, अमेरिकेत रुळलेल्या जर्मन-ज्यू समाजातल्या. तेव्हा या मुली इंग्रजीबरोबर कुणाचं स्वयंपाकघर शिकत होत्या? माझ्या मते संशोधनाचा प्रश्न इथे सुरू होतो, शब्दांच्या यादीपाशी नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. छापील कृती काय शिकवलं ते सांगते, काय शिकलं गेलं ते नाही. त्यासाठी वह्या, पत्रं, मुलाखती शोधाव्या लागतात. आणि एकच आवृत्ती वाचून थांबू नका. पुस्तक पुढे अनेक दशकं निघत राहिलं. त्यात कोणता पदार्थ कधी आला आणि कधी गेला, याचा साधा तक्ता करायला घ्या.