कच्ची वही, पक्की वही

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून दोन वह्या निघाल्या. एक लांबोडी, लाल कापडात बांधलेली, आमच्या करजणच्या बाजारात दिवाळीला मिळणाऱ्या चोपड्यासारखी. दुसरी घरीच शिवलेली, कोपरे मुडपलेली. या दुसरीत पेन्सिलीने काहीबाही: ‘मियागामहून पत्र. कपाशी भिजली. धाकटीला ताप, रात्री उतरला.’ तोच मजकूर लाल वहीत शाईने उतरवलेला, पण तिथे पाऊस वेगळा, घर वेगळं, पाहुणे वेगळे, देणंघेणं वेगळं. शिवलेल्या वहीत मध्येच आठ-दहा दिवस काहीच नाही. लाल वहीत त्या खंडाचा मागमूस नाही.

आजोबा इथल्या वहिवाटदार कचेरीत कारकून होते. गायकवाडीत तालुक्याचा कारभार पाहणारा तो वहिवाटदार. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि कचेरीवरची पाटी बदलली, पण आजोबांची लिहिण्याची रीत बदलली नाही. ती त्यांची एकट्याची नव्हतीच. मराठी दफ्तर पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलं होतं. आधी खर्डा, म्हणजे कच्चं टिपण. मग रोजकीर्द, म्हणजे त्या त्या दिवसाची नोंद. मग खतावणी, म्हणजे प्रत्येक बाबीचं वेगळं खातं. आणि वर्षअखेरीला ताळेबंद. इथले गुजराती व्यापारी कीर्दीला रोजमेळ म्हणतात आणि खतावणीला खातावही. नावं दोन, शहाणपण एक: लिहिताना लावायचं नाही आणि लावताना घाई करायची नाही.

या शहाणपणाचा मोठा नमुना पुण्याचा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तिचं दफ्तर इंग्रजांच्या हाती गेलं. त्यातल्या मोडी रोजनिशांतून गणेश चिमणाजी वाडांनी उतारे निवडले. छापताना ते विषयवार लावले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यांवर प्रस्तावनेचा निबंध लिहिला. खर्डेघाशी करणाऱ्या कुणा कारकुनाला आपण इतिहास लिहितोय असं वाटलं नसेल. तो फक्त दिवस उतरवत होता. खातं पुढच्यांनी पाडलं.

आमच्या बडोद्याचं उदाहरण त्याहून जवळचं. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीरावांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवणं, राजपुत्रांना शिकवणं, प्रवासात सोबत असणं, आणि त्यातून उरलेल्या वेळात ‘रियासती’ हे इतिहासग्रंथ. १९२५ साली ते निवृत्त झाले, कामशेतला राहायला गेले आणि पुढे पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांचे ४५ भाग त्यांच्या संपादनाखाली निघाले. साठी उलटल्यावर!

मी मात्र उलट्या वाटेने गेले. शाळेत शिकवत होते तेव्हा दर जानेवारीला तारखा छापलेली डायरी घ्यायची. पहिल्या दिवसापासून सुवाच्य, सुसंगत, जणू उद्या छापायचंय. फेब्रुवारीत एक पान कोरं राहायचं, मग तीन, मग त्या छापील तारखा डोळे वटारून बघायला लागायच्या. होळीपर्यंत डायरी कपाटात. अशा अकरा डायऱ्या माझ्याकडे आहेत. आजोबांच्या वहीत कोरी पानं नव्हती, कारण तिच्यात तारीख छापलेलीच नव्हती. लिहिलं त्या दिवशी ते ती घालत.

आमच्या गावात राहून मला तरी हे आधी कळायला हवं होतं. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई-मियागाम ही अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली, तेव्हा डबे ओढायला बैल होते. इंजिन आणून पाहिलं, पण हलक्या रुळांना ते पेललं नाही. म्हणून कुणी रूळ उखडले नाहीत. बैल जुंपले, गाडी चालत राहिली, आणि पुढे १८७३ साली भक्कम रूळ घालून ती वाट पुन्हा खुली झाली. मी अकरा वर्षं हलक्या रुळांवर इंजिन चढवत होते.

मागच्या लाभपाचमीला, दिवाळीनंतर इथली दुकानं नव्या चोपड्यांनिशी पुन्हा उघडतात त्या दिवशी, दोन वह्या आणल्या. दुकानदाराने सवयीने विचारलं, ‘शेनो धंधो, बेन?’ म्हटलं, ‘घरनो.’ पेन्सिलीची वही स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर ठेवली. तिच्यात दोन ओळी आल्या तर दोन, नाही आल्या तर दूध उतू गेलं एवढंच. शाईची वही आतल्या खोलीत; ती महिन्या-दोन महिन्यांनी उघडायची.

उत्तरायणाला गच्चीवर पतंगांचा गलका चालू असताना पहिली खतावणी घातली. आजोबांचीच चार घरं आखली होती: पाऊस, घर, पाहुणे, देणंघेणं. ‘पाऊस’मध्ये काही नाही, कार्तिकापासून पौषापर्यंत यावा तरी कुठून. ‘देणंघेणं’ अर्धं पान. ‘पाहुणे’ तीन ओळी. बाकी टिपणं कुठल्याच घरात बसेनात: समोरच्या बेनने धाडलेला उंधियो, मधल्या भिंतीवरून चाललेलं मिरच्यांचं भांडण, तिच्या नातवाला शिकवलेले पाढे, तिच्या दारावरचं कुलूप आणि ते उघडेपर्यंतचे नऊ दिवस. मग पट्टी घेऊन पाचवं घर आखलं आणि वर लिहिलं, ‘शेजार’.

लाल वही पुन्हा उघडून पाहिली. आजोबांच्यातही पाचवं घर होतं. शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरात.