अलिबाग : ओहोटीची वाट आणि भरतीचे बेट

अलिबागच्या पुळणीवर काळसर, घट्ट वाळू आहे आणि समोर समुद्रात कुलाबा किल्ला. ओहोटीला लोक तिथे चालत किंवा घोडागाडीने जातात. भरती आली की किल्ल्याचे बेट होते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या खडकावर किल्ल्याचे काम काढले ते याच गुणामुळे. त्यांच्या निधनानंतर संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरून जिरते आणि तटाला धक्का कमी बसतो. भोवती खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याचा साठा आहे.

गाव वाढले ते मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या काळात. अली नावाच्या एका धनिकाने इथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या आणि त्यावरून गावाला नाव पडले, असे सांगतात. १७२० मध्ये किनाऱ्यावर हिराकोट उभा राहिला. पुढच्याच वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, पण त्यांना हात हलवत परतावे लागले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. त्यांची समाधी गावातच आहे. किल्ल्यातले सिद्धिविनायकाचे देऊळ राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. आंग्र्यांचे राज्य मात्र लढाईत गेले नाही. दत्तक नामंजूर करून ईस्ट इंडिया कंपनीने ते १८४० मध्ये खालसा केले, म्हणजे याच धोरणासाठी ओळखला जाणारा गव्हर्नर जनरल डलहौसी हिंदुस्थानात येण्याच्या काही वर्षे आधीच. हिराकोटाचा पुढे तुरुंग झाला. किल्ल्याच्या तटावर आज ज्या दोन तोफांपाशी पर्यटक छायाचित्रे काढतात, त्यांच्यावर १८४९ साल कोरलेले आहे. आंग्र्यांच्या आरमाराशी त्यांचा काही संबंध नाही.

इंग्रजी अमलात अलिबाग कुलाबा जिल्ह्याचे ठाणे झाले. कचेऱ्या, कोर्ट, वकील मंडळी, नारळ-पोफळीच्या वाड्या, कोळीवाडा आणि बेने इस्रायली ज्यूंची इस्रायल आळी असे ते शांत गाव होते. या शांततेचा एक अनपेक्षित उपयोग झाला. मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत प्रवाहाने ही नाजूक नोंद बिघडेल हे उघड झाले. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड कटाक्षाने टाळले. जुन्या आणि नव्या ठिकाणच्या नोंदींची सांगड बसावी म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे मोजमापे चालू ठेवली. मुंबईच्या कुलाब्यातले काम असे कुलाबा जिल्ह्यात आले. नावाचा हा घोळ १९८१ मध्ये जिल्ह्याचे रायगड असे नामकरण झाल्यावरच मिटला. वेधशाळेचे काम मात्र आजही चालू आहे.

मुंबई समोरच असली तरी रस्त्याने खाड्यांना वळसा घालून सुमारे शंभर किलोमीटर पडत. त्यामुळे चाकरमान्यांची खरी वाट मुंबईचा भाऊचा धक्का ते रेवस ही बोटीची होती. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, गावी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या भागातल्या गावोगावच्या घरांतली माणसे तीत होती. जे थोडे वाचले, त्यांतल्या काहींना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते.

सुट्टीचे गाव ही अलिबागची ओळख त्या मानाने अलीकडची. गेटवेवरून मांडव्याला लाँच आणि तिथून बस, असा दीड-दोन तासांचा प्रवास सोपा झाला, तशी शनिवार-रविवारची गर्दी वाढली. किहीम-आवासच्या वाड्यांत मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले उठले, जमिनीचे भाव चढले. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून प्रवाशांना मोटारींसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट सुरू झाली. ‘अलिबागहून आला आहेस का?’ हा भाबडेपणावरचा जुना टोमणा अजून टिकून आहे. त्यावर बंदी घालावी अशी याचिका उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात आणि गर्दी रस्त्यावर येते. किल्ल्याकडे निघालेल्याने मात्र कोणत्याही ऋतूत आधी भरतीची वेळ विचारून घ्यावी लागते.