शंकूची सावली आणि शाळेचे अंगण

आकाशाचे ज्ञान मिळवून देणाऱ्या साधनांमध्ये शंकू हे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन होय. शंकू म्हणजे पाणसळीने सपाट केलेल्या जमिनीवर ओळंब्याने तपासून सरळ उभी केलेली खुंटी; भारतीय ज्योतिषात तिची उंची 12 अंगुळे धरण्याचा प्रघात आहे. सूर्यसिद्धान्ताच्या त्रिप्रश्नाधिकारात, म्हणजे दिशा, देश आणि काल या तीन प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या अध्यायात, या खुंटीभोवती वर्तुळ काढून सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला ज्या बिंदूत शिवते आणि दुपारनंतर ज्या बिंदूतून बाहेर पडते ते दोन बिंदू जोडण्यास सांगितले आहे. ती रेषा पूर्व-पश्चिम दिशा दाखवते. विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र समान असताना, मध्यान्ही पडणाऱ्या सावलीला पलभा म्हणतात व तिच्यावरून त्या गावचे अक्षांश निघतात. पुण्याची पलभा सुमारे 4 अंगुळे, तर उज्जयिनीची 5 अंगुळांहून थोडी अधिक भरते. या साधनाने दिशा, अक्षांश आणि मध्यान्हाची वेळ कळू शकते, हे शतकानुशतके ठाऊक होते. ते मुलांच्या हाती देऊन त्यांच्याकडूनच ही उत्तरे काढून घ्यावीत, हा विचार मात्र फार उशिरा रुजला.

खगोल शिकवताना वस्तू समोर ठेवावी ही जाणीव जुन्या ग्रंथकारांना नव्हती, असे म्हणता येत नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात गोलबंधाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात बांबूच्या सरळ कामट्यांची वलये बांधून आकाशगोलाची प्रतिकृती कशी करावी हे सांगितले आहे. यंत्राध्यायात अनेक यंत्रांचे वर्णन केल्यावर ते धीयंत्राकडे, म्हणजे बुद्धी हेच खरे यंत्र मानून डोळ्याशी धरलेल्या साध्या काठीकडे, वळतात आणि तिने दूरच्या बांबूचे शेंडा-बूड पाहून त्याची उंची व अंतर काढण्याची रीत सांगतात. संपूर्ण ग्रंथात शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोलाची जागा क्वचितच सापडेल.

या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावाजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला होता. चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता आणि 1207 च्या सुमाराच्या, भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या पाटणच्या शिलालेखात त्या मठाला मिळालेल्या देणग्या नोंदवल्या आहेत. लेखाचा देणग्यांचा भाग जुन्या मराठीत असून दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असा तपशील त्यात येतो. गणित आणि ज्योतिष यांच्या अध्ययनाचा भार खानदेशातील तेल्याच्या घाण्यानेही उचलला होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात अधिक ठळकपणे सांगितली जायला हवी. तथापि ही परंपरा होती ती ज्योतिषी आणि पंचांगकर्ते घडवण्यासाठी; श्लोक मुखोद्गत करणे आणि उपपत्ती समजून घेणे हा तिचा गाभा होता व आकाशाचा वेध हा गणिताचा पडताळा म्हणून येत असे.

एकोणिसाव्या शतकात भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी सिहोर येथील पाठशाळेत वेगळा प्रयोग केला. पुराणांतील सपाट पृथ्वीची कल्पना दूर करण्यासाठी युरोपीय पुस्तकांऐवजी भारतीय सिद्धान्तग्रंथांपासूनच सुरुवात करावी, म्हणजे विद्यार्थी पुढे कोपर्निकसचे मतही सहज स्वीकारेल, असे प्रतिपादन त्यांनी 1834 मध्ये केले. सिहोरच्या या मंडळातील सुबाजी बापू यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या आधारे मराठीत ग्रंथरचना केली, तर पुण्यात जन्मलेले आणि नागपुरात शिकत असताना विल्किन्सन यांच्या नजरेस पडलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात नामवंत अध्यापक झाले. विल्किन्सन 1841 मध्ये वारले. त्यांच्या पद्धतीत शिष्याच्या मनातील श्रद्धेला धक्का न लावता तर्काने पुढे नेण्याचे कौशल्य होते. पण तिचा भर युक्तिवादावर होता, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या मोजणीवर नव्हे.

त्यानंतरच्या मराठी खगोललेखनात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे स्थान मोठे आहे. शिक्षकी पेशात आयुष्य घालवलेल्या दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ 1896 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या ‘ज्योतिर्विलास’मधून त्यांनी सामान्य वाचकाला रात्रीच्या आकाशाची ओळख करून दिली होती.

वाचनाच्या पुढे जाऊन मुलांच्या गटाने मोजायचे आणि मोजण्यातूनच शिकायचे, ही रीत सरकारी शाळांत नेटाने राबवण्याचा प्रयत्न 1972 मध्ये सिहोरच्या दक्षिणेस, नर्मदेपलीकडे झाला. होशंगाबाद जिल्ह्यातील 16 उच्च प्राथमिक शाळांत किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला, 1978 मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि 1982 पासून एकलव्य या संस्थेने त्याची धुरा वाहिली. वर्गातील मुले चार-चारांच्या टोल्यांत, म्हणजे गटांत, बसत, प्रयोग करत व निष्कर्ष वर्गापुढे मांडत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकही असे.

गटाचे महत्त्व सावलीच्या प्रयोगात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. एक जण ओळंबा धरतो, दुसरा सावलीच्या टोकाशी खूण करतो, तिसरा घड्याळ पाहतो, चौथा वहीत आकडे मांडतो. आणि शेवटी प्रत्येक गटाचे मध्यान्ह वेगवेगळ्या मिनिटाला येते. कोणाची खुंटी कललेली असते, कोणाच्या जमिनीला उतार असतो. परंतु सर्व चुका दूर केल्या तरी एक अडचण उरते, ती अशी की मध्यान्हाच्या आगेमागे सावलीची लांबी इतकी मंद गतीने बदलते की सर्वांत आखूड सावली कोणती हे डोळ्याने ठरवता येत नाही. सकाळी आणि दुपारनंतर मात्र ती झपाट्याने बदलते, म्हणून दोन समान सावल्यांच्या वेळा घेऊन त्यांचा मध्य काढणे अधिक अचूक ठरते. सूर्यसिद्धान्तातील वर्तुळामागचे मर्म नेमके हेच आहे, आणि ते पाठांतराने नव्हे तर गटागटांतील मतभेदातून उमगते. पुण्यात हे मध्यान्ह घड्याळाच्या बाराला न येता वर्षभराच्या सरासरीने साडेबाराच्या थोडे पुढे येते. प्रमाणवेळ पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी रेखांशावरून धरलेली असल्याने हा फरक पडतो. होशंगाबादचा कार्यक्रम 2002 मध्ये शासनाच्या निर्णयाने बंद झाला, आणि तीस वर्षांची ती मेहनत अशी थांबावी ही भारतीय शालेय शिक्षणाची मोठी हानी होय.

महाराष्ट्रात आकाशदर्शनाची चळवळ प्रामुख्याने हौशी मंडळांनी वाढवली: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 ची, तर मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या काळातले. अलीकडे लोकविज्ञान चळवळीतून शाळांपर्यंत पोहोचलेले चेंडू-आरशाचे साधन विशेष उल्लेखनीय आहे. चेंडूवर आरशाचा तुकडा चिकटवून त्यावर चौकोनी भोक पाडलेला कागद लावतात आणि चेंडू कड्यावर ठेवून सूर्याचा कवडसा अंधाऱ्या खोलीतील भिंतीवर पाडतात. जवळच्या भिंतीवर कवडसा चौकोनी दिसतो, पण भिंत दूर गेली की तो गोल होतो, कारण तेथे भोकाचा आकार न उमटता सूर्यबिंबाची प्रतिमा उमटते. प्रतिमेचा व्यास अंतराच्या सुमारे एकशेआठाव्या भागाइतका, म्हणजे 11 मीटरांवर जवळजवळ 10 सेंटिमीटर, भरतो.

शंकूच्या प्रयोगाला महाराष्ट्रात अडचण येते ती शाळेच्या वेळापत्रकाची. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचे दिवस मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतात. पहिला सुट्टीत जातो आणि दुसरा बहुधा ढगांत. म्हणून एका दिवसाच्या सोहळ्यापेक्षा वर्षभराची नोंद अधिक फलदायी ठरते. पुण्यात जूनच्या अखेरीस ऊन पडलेच, तर मध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेकडे, जेमतेम अंगुळभर, पडलेली सापडते. विषुवदिनी ती उत्तरेला 4 अंगुळे होते आणि 22 डिसेंबरला त्याच 12 अंगुळांच्या खुंटीची सावली पावणेअकरा अंगुळांपर्यंत लांबते.